'सहमत' म्हणजे कोऱ्या कागदावरची सही नव्हे

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणजे संमतीचा देखावा आहे. अटी कोणी वाचत नाही, सगळे 'सहमत' दाबून मोकळे होतात आणि कंपन्यांना रान मोकळं मिळतं. शिवाय मी कायद्याच्या उणिवांवर पांघरूण घातलं, असाही आक्षेप आहे.

पहिला मुद्दा मला पटत नाही. कलम ६ पाहा. संमती सांगितलेल्या कामापुरती, आणि त्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढीपुरतीच. कायद्याने स्वतःच उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनचं ॲप उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधली संपर्कयादीही. माणूस दोन्हींना हो म्हणतो. तरीही संपर्कयादीपुरता तो होकार धरला जात नाही, कारण वैद्यकीय सल्ल्याला तिची गरजच नाही. म्हणजे न वाचता बटण दाबणाऱ्याच्याही पाठीशी कायदा उभा आहे. मला हीच या कायद्यातली सगळ्यात मोलाची जागा वाटते. संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं, आणि संमती मागणारी सूचना मराठीतून मिळण्याची सोय हवी, हेही त्यातच आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मी ठळकपणे लिहिलं. पण तो पैसा भारताच्या एकत्रित निधीत जातो, हे लिहिलं नाही. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भरपाईची वाट होती. नव्या कायद्याने ते कलमच वगळायचं ठरवलंय. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! हे मला अन्यायाचं वाटतं.

सरकारी यंत्रणांना नव्या कायद्याच्या कलम १७खाली त्यातल्या बंधनांमधून सवलत मिळू शकते, या तुमच्या आक्षेपाशीही सहमत आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि मूलभूत हक्क आधी सरकारविरुद्धच मागायचा असतो.

तक्रार कुठे करायची, हेही तुम्ही विचारलंय. आधी कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे, तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असले, तरी कंपन्यांवरची बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, एवढं लक्षात ठेवा.

भरपाईबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात आजच जोडतो.