पुढाऱ्यांना अंतराळात पाठवून युद्धं थांबणार नाहीत

पृथ्वीच्या निळ्या गोलाचा फोटो आणि खाली चार ओळी, असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, मथितार्थ तोच असतो: “अंतराळातून चीनची भिंत दिसते, पण देशांच्या सीमा दिसत नाहीत. जो तिथून पृथ्वी पाहतो तो कायमचा बदलतो, त्याला देश उरत नाही. या एका फोटोमुळे जगाला पर्यावरणाची जाग आली. सगळ्या पुढाऱ्यांना एकदा वर पाठवा, युद्धं आपोआप थांबतील.”

मी भूगोल शिकवतो. तो निळा गोल मी वर्गाच्या भिंतीवर कितीदा तरी दाखवला आहे, आणि तो पडद्यावर आला की मुलं गप्प होतात हे दर वेळी पाहिलं आहे. ती शांतता मला मोलाची वाटते. म्हणूनच तिच्या आधारावर खोटी आशा विकलेली मला खपत नाही.

भिंतीचं आधी उरकतो. 2003 मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई परतला आणि भिंत दिसली नाही असं त्याने स्वतःच सांगून टाकलं. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे खरी, पण रुंदीला काही मीटरच, आणि रंगाने आजूबाजूच्या माती-खडकासारखी. नुसत्या डोळ्यांना ती सापडणं महाकठीण.

आता सीमा. दिवसा बहुतेक ठिकाणी त्या दिसत नाहीत, हे मान्य. पण “एकही नाही” हे खरं नाही. हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक एकाच बेटावर आहेत. हैतीच्या बाजूची जंगलं तुटली, दुसऱ्या बाजूची बरीच राहिली, आणि त्यांच्यामधली सीमा उपग्रहाच्या चित्रात कुठे कुठे तपकिरी आणि हिरव्या रंगांमधली कड म्हणून ओळखू येते. बर्लिनची भिंत पडून दोन दशकं उलटल्यावरही शहराचा पूर्व भाग रात्री पिवळसर आणि पश्चिम भाग पांढरट दिसे, कारण दोन्हीकडचे रस्त्यांवरचे दिवे वेगळ्या जातीचे होते. उत्तर कोरिया तर रात्री समुद्रासारखा काळा दिसतो.

आणि आपली स्वतःची सीमा? ऑगस्ट 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून काढलेला एक फोटो आहे. शहरांचे दिवे इकडेतिकडे सांडलेले, आणि त्यांच्यामधून गेलेली एक नारिंगी, नागमोडी, सलग रेघ. ती भारत-पाकिस्तान सीमा. कुंपणालगत आपण लावलेल्या प्रकाशझोतांची ही रेघ आहे. रात्री अंतराळातून ओळखता येणाऱ्या जगातल्या मोजक्या सीमांपैकी ही एक, आणि “सीमा दिसत नाहीत” हा मजकूर सर्वांत उत्साहाने आपणच पुढे पाठवतो.

शिवाय, न दिसणाऱ्या रेषेसाठी माणसं लढत नाहीत असं थोडंच आहे. 3 एप्रिल 1984 ला राकेश शर्मा सोयुझ टी-11 मधून निघाले, सॅल्यूट-7 या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर राहिले आणि 11 एप्रिलला जमिनीवर उतरले. इंदिरा गांधींनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो? उत्तर सगळ्यांना पाठ आहे: “सारे जहाँ से अच्छा.” त्याच आठवड्यात, 13 एप्रिलला, सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत ही भारतीय लष्कराची मोहीम सुरू झाली. सियाचीनचा वाद मुळात कशाचा? एनजे 9842 या बिंदूच्या पुढे नियंत्रण रेषा नकाशावर आखलेलीच नव्हती, “तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत” एवढंच लिहून सोडलं होतं. अंतराळातून सोडाच, कागदावरही न दिसणाऱ्या रेषेपायी दोन्हीकडचे जवान आजवर बर्फात प्राण देत आले आहेत. तेव्हा रेष दिसत नाही म्हणून भांडण मिटेल, हा तर्क मला पटत नाही.

त्या मजकुरासोबतच्या फोटोबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आजचे बहुसंख्य अंतराळवीर पृथ्वीचा असा पूर्ण गोल पाहतच नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण 400 किलोमीटरवर फिरतं, म्हणजे मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी दूर तेवढंच उंच. पृथ्वी फुटबॉलएवढी धरली तर ते तिच्यापासून जेमतेम 7 मिलिमीटरवर येतं. तिथून एका वेळी पृथ्वीचा सुमारे 3 टक्के पृष्ठभाग नजरेत येतो. पूर्ण गोल पाहायला खूप दूर जावं लागतं. 1968 ते 1972 मध्ये चंद्राकडे गेलेल्या 24 अपोलोवीरांना तो दिसला. 7 डिसेंबर 1972 चा तो प्रसिद्ध निळा गोल अपोलो-17 मधून सुमारे 29,000 किलोमीटरवरून टिपलेला आहे.

“जो पाहतो तो कायमचा बदलतो” यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. या अनुभवाला फ्रँक व्हाइट यांनी 1987 मध्ये ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’ हे नाव दिलं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 39 अंतराळवीरांना प्रश्नावली दिली होती, त्यात सर्वाधिक बदल पृथ्वीकडे पाहण्याच्या दृष्टीत आढळला. सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान 1985 मध्ये डिस्कव्हरी यानातून गेले होते. पहिल्या दिवशी आम्ही आपापल्या देशाकडे बोट दाखवत होतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खंडांकडे, पाचव्या दिवशी एकच पृथ्वी उरली, असं ते सांगतात. हे मला मनापासून खरं वाटतं.

पण बदल कोणत्या दिशेने होतो? निळा गोल टिपणाऱ्या अपोलो-17 मध्ये तिघे होते, आणि बरेच अभ्यासक त्या फोटोचं श्रेय हॅरिसन श्मिट यांना देतात. हेच श्मिट पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले, आणि माणसामुळे हवामान बदलतं आहे हे त्यांनी जाहीरपणे नाकारलं. 2021 मध्ये नव्वदीचे अभिनेते विल्यम शॅटनर जेमतेम दहा मिनिटांचं उड्डाण करून आले. ऐक्याचा आनंद होईल या अपेक्षेने ते गेले होते, परतले ते शोक घेऊन. जुलै 2022 मध्ये तीन रशियन अंतराळवीर स्थानकावर पूर्व युक्रेनमधल्या लुहान्स्क आणि दोनेत्स्क या रशियाधार्जिण्या फुटीर भागांचे झेंडे हातात धरून उभे राहिले. युक्रेनमध्ये युद्ध पेटलेलं होतं. रोजच्या रोज खिडकीतून तीच पृथ्वी दिसत होती, तरी झेंडे वर पोचले.

शुभांशु शुक्ला यांचं बोलणं मला यात सर्वांत प्रांजळ वाटतं. 28 जून 2025 ला पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी बाहेरून कोणतीही सीमा दिसत नाही असं सांगितलं, आणि त्याच संभाषणात, नकाशावर दिसतो त्याहून भारत खूप मोठा, भव्य दिसतो, असंही सांगितलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. माणूस वर जातो तेव्हा आपलं गाव, आपली भाषा, आपली माया सोबत नेतो. ती खाली ठेवून जाता येत नाही, आणि का ठेवावी?

मजकुरातली सर्वांत आकर्षक गोष्ट शेवटची: पुढाऱ्यांना पाठवा. ही इच्छा जुनी आहे. मायकेल कॉलिन्स आणि एडगर मिचेल या दोन्ही अपोलोवीरांनी ती बोलून दाखवली होती. पण हा प्रयोग होऊन गेला आहे. बिल नेल्सन अमेरिकन काँग्रेसचे सदस्य असताना जानेवारी 1986 मध्ये कोलंबिया यानातून गेले. त्या प्रवासाने आपण अधिक पर्यावरणवादी झालो असं ते पुढे सांगत, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये सिनेटमध्ये इराकवरच्या युद्धाला परवानगी देण्याचा ठराव आला, तेव्हा त्यांनी बाजूने मत दिलं. पहिल्या महिला अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा 1963 मध्ये पृथ्वीभोवती 48 वेळा फिरल्या. मार्च 2020 मध्ये रशियाच्या संसदेत पुतिन यांना पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता यावी म्हणून त्यांच्या आधीच्या कारकिर्दी मोजू नयेत अशी घटनादुरुस्ती त्यांनीच मांडली. पुढाऱ्यांचे निर्णय मतदार, पक्ष, भीती आणि हितसंबंध यांच्या दबावाखाली होतात, आणि यान उतरतं तेव्हा हे सगळं जागच्या जागी असतं. सगळ्यांना वर पाठवा असं म्हणताना, त्यांना जाब विचारायचं आपलं काम आपण रॉकेटवर ढकलतो. माझा खरा आक्षेप याला आहे.

राहिला फोटो आणि पर्यावरण. 24 डिसेंबर 1968 ला अपोलो-8 मधून बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली. त्या चित्राने चळवळीला चेहरा दिला, यात शंका नाही. पण 1970 च्या पहिल्या वसुंधरा दिनामागे जमिनीवरचे घाव होते. जानेवारी 1969 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेल पसरलं, जूनमध्ये ओहायोची कायाहोगा नदी पेटली.

ओझोनचं उदाहरण तर मी दर वर्षी वर्गात देतो. अंटार्क्टिकावरच्या थराला पडलेलं भोक 1985 मध्ये जगापुढे आणलं ते अंटार्क्टिकातल्या हॅली या ब्रिटिश तळावरच्या शास्त्रज्ञांनी, जमिनीवर ठेवलेल्या उपकरणाने वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींवरून. त्यानंतर निंबस-7 उपग्रहाच्या माहितीने ते भोक नकाशावर उमटवलं, लोकांना डोळ्यांनी दिसलं. मग 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, कारखान्यांना ओझोनची हानी करणारी रसायनं बदलावी लागली, आणि पुढे जगातल्या सगळ्या देशांनी सह्या केल्या. वरून दिसलेल्या चित्राचा उपयोग झाला, पण त्याच्या आधी मोजमाप होतं आणि नंतर कायदा. अंटार्क्टिकावरचा थर 1980 च्या पातळीवर यायला साधारण 2066 उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल.