साआ मोजा

परवा मी दवाखान्यात बरोब्बर पावणेएकला पोचलो. म्हणजे सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. बँकेत तेहतीस वर्षं काढली, वेळेवरून मला बोलायची कोणाची टाप नव्हती. बाकांवर तीसेक माणसं ताटकळत बसलेली. मला बघून सगळी एका सुरात म्हणाली, “पोले!”

टांझानियात ठेच लागली तरी पोले, घरात कोणी गेलं तरी पोले. “अरेरे, फार सोसलंत हो” असा त्याचा भाव. मी काय सोसलं होतं? गरम वरणभात खाऊन आलो होतो.

आमच्या सौ. डॉक्टर. किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशी गावाबाहेरच्या एका छोट्या दवाखान्यात तीन महिने सेवेला आल्या, आणि सामानाबरोबर मी. माझं काम गोळ्या मोजणं. औषधांच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच. आदल्या संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, “केशो, साआ मोजा.” केशो म्हणजे उद्या, साआ मोजा म्हणजे एक वाजता. एवढं स्वाहिली मला येतं. सकाळी सौ. मला न उठवताच गेली. दहाच्या सुमारास एक पोरगा फाटकाशी “फुंगुओ, फुंगुओ” ओरडत होता. इथे केळीवाले येतातच. फुंगुओ हेही एखादं फळ असेल म्हणून मी खिडकीतूनच “हपाना, असांते”, म्हणजे नको, थँक्यू, असं सांगून त्याला कटवलं.

फुंगुओ म्हणजे किल्ल्या.

पहिल्या बाकावर एक बीबी बसली होती. (बीबी म्हणजे आजी. इथे दादा म्हणजे ताई आणि काका म्हणजे दादा. पहिला आठवडा मी सगळ्या गावाशी चुकीची नाती जोडत होतो.) तिच्या मांडीवरची पाच वर्षांची नात मला म्हणाली, “शिकामू, बाबू.” शिकामू हा थोरांना करायचा नमस्कार. बाबू हे मला लाडाचं वाटत आलं होतं, फार तर कारकून. परवा कळलं, बाबू म्हणजे आजोबा. मी एकसष्ट वर्षांचा आहे, आणि केस काळे करतो.

मग बीबीने चौकशी मांडली. घरचं कसं आहे? न्झुरी, छान. मुलं? न्झुरी. काम? न्झुरी. ही उत्तरं ठरलेली असतात. इथे माणूस तापाने फणफणत आला तरी आधी न्झुरी म्हणतो, मग ताप सांगतो. आजारी होतास? नाही. घरात कोणी गेलं? नाही. मग होतास कुठे?

मला तेवढंच वाक्य जमलं. “निलिकुवा नाकुला.” जेवत होतो.

बीबी बाकांकडे वळली आणि ग्रामसभेत ठराव वाचावा तशी म्हणाली, “अलिकुवा अनाकुला!” तो जेवत होता. “आआआ,” बाकं म्हणाली. “सावा, सावा.” ठीक आहे, ठीक आहे. एकाने तरी शिवी द्यायची होती हो! सकाळी सातपासून उपाशी बसलेल्या माणसांनी माझं जेवण समजून घेतलं, हे काही मला सोसवलं नाही.

नंतर तिने माझं मनगट धरलं. तास काटा एकावर. ती म्हणाली, “साआ साबा.” सात. आणि बोट ठेवलं काट्याच्या बरोब्बर समोर, सातावर. म्हणजे काट्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, शेपटीकडे बघायचं. इथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. विषुववृत्त जवळ, सूर्य बारा महिने सहा-साडेसहालाच उगवणार. सकाळचे सात म्हणजे दिवसाचा पहिला तास, साआ मोजा. आमचे आजोबाही पंचांगात सूर्योदयापासूनच घटका मोजायचे. त्यांचं ऐकलं असतं तर!

सौ.ला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल,” म्हणाली. फोन उचलला नाहीत म्हणूनच पोरगा पाठवला होता, हेही ऐकवलं.

कपाट उघडलं. निम्मं कपाट परदेशी दानशूरांच्या सुटकेसमधून आलेलं: मुदत संपत आलेली सिरपं, कुठल्या भाषेत लेबल ते देव जाणे. औषध पोचेल तेव्हा निदान वर्षभर मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 1996 सालीच सांगितलंय. दात्यांना आपलं पुण्य मोकळं करायची घाई, आणि ती खोकी उपसतो मी. फोटो काढायला मात्र सगळे हजर.

तेवढ्यात बीबीने खांगाच्या, म्हणजे अंगावर गुंडाळलेल्या कापडाच्या, पदराची गाठ सोडून एक पाकीट काढलं. मलेरियाची गोळी, म्सेतो: चार-चारच्या सहा मात्रा, तीन दिवस, पोटात काही स्निग्ध घालून. वर माझ्याच ठसठशीत अक्षरात, 8 आणि 8. म्हणजे तिच्या हिशेबाने दुपारी दोन आणि रात्री दोन.

रात्री दोनला ती उठली होती. नातवाच्या मोबाइलवर गजर लावून, चूल पेटवून, दूध घालून उजी, म्हणजे पेज, शिजवली, चार गोळ्या घेतल्या. बारा तासांचं अंतर तेवढं चुकलं नाही. “डॉक्टर लोक रात्री का उठवतात?” एवढंच तिला विचारायचं होतं. म्हणून सातपासून बसली होती.

“पोले,” मी म्हणालो.

किल्ली आता सौ.च्या गळ्यात असते. तो पोरगा मात्र रोज सकाळी फाटकावरून जाताना हाक मारतोच: “फुंगुओ, बाबू! फुंगुओ!”