आयरिस म्हणजे केळीचा कंद नव्हे

पावसाळा सरला की जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बागकामाच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. वर निळ्या-जांभळ्या फुलांचा फोटो आणि खाली सूचना: “हायब्रीड आयरिसचा कंद एकदा लावा, दर वर्षी फुलं घ्या. केळीच्या कंदासारखा चार इंच खोल पुरा. रोज पाणी द्या, भरपूर शेणखत घाला. फुलांचं बी धरून पुन्हा लावा. कंद म्हणजे आपलं वेखंडच, औषधी आहे.” यातल्या एक-दोन सूचना थोड्याफार बरोबर आहेत, पण त्याही फोटोतल्या झाडासाठी नाहीत.

गोंधळाचं मूळ नावात आहे. आयरिसच्या अडीचशेहून जास्त प्रजाती आहेत. फोटोतली, खालच्या पाकळ्यांवर सुरवंटासारखी केसाळ पट्टी असलेली, ती दाढीवाली आयरिस. फुलवाल्याकडे काड्यांनी मिळते ती डच आयरिस. दलदलीत वाढते ती लुईझियाना. मजकूर लिहिणाऱ्यानं तिघींच्या कृती एकाच पातेल्यात ओतल्या आहेत.

“एकदा लावा, दर वर्षी फुलं घ्या”

दाढीवालीला फुलदांडा धरायला सलग काही आठवड्यांची खरी थंडी लागते. म्हणूनच ती काश्मीरमध्ये एप्रिल-मेमध्ये फुलते आणि तिथे कबरींवरही लावतात. आपल्याकडेही थंडी पडते, धुळ्यात एखाद्या रात्री पारा ५-६ अंशांवरही येतो, हे खरं. पण दुपारी तोच पारा २८ वर जातो. रात्री मिळालेली थंडी दुपारचं ऊन पुसून टाकतं, आणि अशा रात्री सलग टिकतही नाहीत. त्यामुळे तापीकाठच्या सपाटीवर या कंदाला पंख्यासारखी पानं छान येतात, दांडा येत नाही. कंद विकणारा पानांचा फोटो मागवून “बघा, लागला ना!” म्हणतो. लागणं वेगळं, फुलणं वेगळं. सातपुड्यात तोरणमाळ-डाबच्या बाजूला दवबिंदू गोठतात, तिथे प्रयोग करायला जागा आहे. पण पाऊसही जोराचा, म्हणून गादीवाफा किमान ९ इंच उंच हवा.

थंड प्रदेशातसुद्धा “एकदा लावा” चुकीचंच आहे. एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. पुढच्या वर्षी फुलतात ती त्याच्या बाजूला फुटलेली पिल्लं. केळीचा घड उतरला की ते खोड संपतं आणि मुनवा पुढे येतो, तसंच हे. दर ३-४ वर्षांनी गड्डा उपटून म्हातारे कंद फेकले नाहीत, तर मध्ये नुसती गर्दी उरते.

“केळीच्या कंदासारखा चार इंच खोल पुरा”

इथे मुनव्याची उपमा संपते. केळीचा कंद जमिनीतच राहायला हवा. दाढीवालीचा कंद जमिनीवर आडवा पसरतो. त्याची पाठ हवेत आणि मुळं मातीत असावी लागतात. चार इंच पुरला की आधी फुलणं थांबतं, मग तो कुजतो. लावताना आळ्यात मध्ये मातीची छोटी वरंबी करा, कंद तिच्यावर ठेवा, मुळं दोन्ही बाजूंना खाली सोडा आणि फक्त मुळं दाबा. परदेशी पुस्तकं पाठ पूर्ण उघडी ठेवायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात उघडी पाठ भाजून निघते. म्हणून वर अर्धा इंच माती पसरावी.

चार इंच हे माप डच आयरिसचं. ती कांद्यासारखी गाठ असते, टोक वर ठेवून लावतात. खान्देशात हौसेसाठी फूल काढायचं असेल तर हीच सोपी, पण तिलाही थंडी विकत द्यावी लागते: गाठी कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ६ ते ८ आठवडे. विक्रेत्यानं आधीच शीतप्रक्रिया केली असेल तर पुन्हा नको, हे विचारून घ्या. नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री गार होऊ लागल्या की ८ इंचांच्या कुंडीत ५ गाठी लावा. सकाळचं ऊन पूर्ण, दुपारचं अर्धं. फूल जानेवारी-फेब्रुवारीत. कुंडी सावलीत राहिली किंवा मध्येच उकाडा झाला तर कळी पानांच्या आतच वाळते. वरून झाड हिरवंगार दिसतं, म्हणून कारण लक्षात येत नाही. फुलदाणीसाठी कळीच्या टोकाला रंग दिसताच काडी कापा. मूळ गाठ फुलल्यावर संपते आणि तिच्या जागी उरलेल्या बारक्या गाठी आपल्या हवेत फुलण्याएवढ्या भरत नाहीत. त्या जपण्यात अर्थ नाही.

“रोज पाणी, भरपूर शेणखत”

दाढीवालीसाठी हा मृत्युलेखच आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात उष्णता आली की कंदाचा आतला गर पांढऱ्या लगद्यासारखा होतो आणि घाण वास सुटतो. केळीच्या कंदकुजीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना तो लगेच ओळखू येईल, कारण जिवाणू त्याच कुळातले आहेत. ओलं शेणखत किंवा जास्त युरिया दिला की वाढ लुसलुशीत होते आणि जिवाणूचं काम सोपं होतं. कूज दिसली तर कंद काढा, मऊ भाग चमच्यानं घट्ट गरापर्यंत खरवडा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि सावलीत दोन-तीन दिवस सुकवून नव्या जागी लावा. चाकू आणि चमचाही त्याच पाण्यात धुवा. एका कंदाची कूज दुसऱ्याला बहुतेक वेळा हत्यारानंच जाते. पाणी वरची दोन इंच माती सुकल्यावरच. काळ्या मातीत एक तृतीयांश बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा मिसळा. नुसती रेती थोडीशी घातली तर माती सिमेंटसारखी बसते.

मात्र हीच सूचना लुईझियानाला लावली तर ती जवळजवळ बरोबर ठरते! अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या दलदलीतल्या प्रजातींचे हे संकर. त्यांना फारशी थंडी लागत नाही, भूक मोठी आणि तहान त्याहून मोठी. खान्देशात फुलण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेली मोठ्या फुलांची आयरिस हीच. अडचण एकच: तिला आंबट माती हवी आणि आपली जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी जड. दोन महिन्यांत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. उसावर केवडा पडतो ना, तेच. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. म्हणून जमिनीत न लावता १८ इंचांच्या टबात लावा: दोन भाग पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, आणि लागवडीच्या महिनाभर आधी २० ग्रॅम गंधक मिसळून ओलं ठेवा. टबाला भोक तळाशी न पाडता मातीच्या पातळीखाली दोन इंचांवर बाजूला पाडा, म्हणजे खाली पाणी साचून राहील. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. तरीही पानं पिवळी पडली तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. राख आणि चुना या टबाजवळ नको.

लागवड ऑक्टोबरमध्ये, कंद एक इंच खोल, वर केळीच्या वाळलेल्या पानांचं दोन इंच आच्छादन. मार्च ते जून ५० टक्क्यांची शेडनेट. लुईझियानाचा कंद पुढे सरकत जातो आणि मागचा भाग रिकामा होतो, म्हणून टबाच्या कडेला लावताना वाढीचं टोक मध्याकडे करा.

“फुलांचं बी धरून पुन्हा लावा”

संकरित कापसाची सरकी ठेवून पेरली तर काय होतं, हे खान्देशात सांगायला नको. १९७० साली सुरतेहून एच-४ हा संकरित कापूस आला तेव्हापासून बियाणं दर वर्षी नवं घ्यावं लागतं. आयरिसचा संकर मात्र एकदाच होतो आणि पुढे तोच कंद तोडून तोडून वाढवतात. उंच दाढीवालीत गुणसूत्रांचे चार संच असतात, त्यामुळे तिच्या बियांतून येणारं प्रत्येक रोप वेगळं, आणि पहिलं फूल दोन-तीन वर्षांनी. नावाची जात हवी तर कंदच घ्या. ‘इंद्रधनुषी आयरिस बी’ची पाकिटं आणि चटक लाल फुलांचे फोटो सरळ सोडून द्या, दाढीवालीत खरा लाल रंग अजून नाही, तांबूस-विटकरी छटा तेवढी लुईझियानात मिळते.

बीच पेरायची हौस असेल तर ब्लॅकबेरी लिली लावा. केशरी, ठिपकेदार फूल, एका दिवसाचं, सुकताना पिळलेल्या कपड्यासारखं. २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आयरिसमध्येच घेतलं. उन्हाला दाद देत नाही.

“कंद म्हणजे आपलं वेखंडच”

बाकीच्या चुकांनी पैसे जातील, ही चूक तान्ह्या बाळापर्यंत पोहोचते. बाळगुटीतलं वेखंड हे अकोरस, वेगळ्या कुळातलं. पानं सारखी दिसतात म्हणून युरोपातही हा घोळ जुना आहे. पिवळ्या आयरिसच्या शास्त्रीय नावातल्या ‘स्यूडॅकोरस’चा अर्थच ‘खोटं वेखंड’. ओळख सोपी आहे: वेखंडाचं पान चुरगळलं की उग्र गोडसर वास येतो, आयरिसचं पान गवतासारखं वास देतं. वेखंडाला पाकळ्यांचं फूल येत नाही, पानासारख्या दांड्याच्या बाजूला बोटाएवढं कणीस येतं. आयरिसचा कच्चा कंद पोटात गेला तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात, तोंड आणि घसा जळजळतो. रसानं हाताला खाज येते, म्हणून कंद तोडताना हातमोजे. छाटलेले कंद गोठ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, गुरं चघळतात. उगाळून कुणाला दिलं गेलं असेल तर तोंड धुवा, घरचा उपाय म्हणून उलटी काढायला लावू नका, आणि उरलेला तुकडा सोबत घेऊन दवाखाना गाठा.