बाणस्तारीचा पूल आणि तुमचे तीन आक्षेप

काका, नमस्कार.

गोव्यात काय पाहावं यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही चांगली सणसणीत प्रतिक्रिया टाकली आहे. तिला दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून वाटेला लावणं बरं दिसणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ठाकूरद्वारच्या या काकांचं म्हणणं असं, की गोव्यावरच्या लेखात मी समुद्रकिनाऱ्यांना धड एक परिच्छेदही दिला नाही. ज्या चर्चांच्या सावलीत आपल्या लोकांवर इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचा, वरवंटा फिरला, ती चर्चं 'आवर्जून पाहा' म्हणून सांगितली आणि त्याच दमात मंगेशी-शांतादुर्गेची नावं घेऊन देवस्थानांना पर्यटनस्थळांच्या पंगतीला बसवलं. शेवटचा टोला असा: 'ताई, चार दिवसांची रजा आणि ऐंशीची आई घेऊन निघालेल्या माणसाला तुमच्या लेखाचा काडीचा उपयोग नाही.'

किनाऱ्यांचं आधी उरकते. कलंगुट, बागा, कोलवा, पाळोळे ही नावं मुंबईतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात, त्यासाठी माझा लेख कशाला हवा? कुठला किनारा बरा हे महिना कुठला, गर्दी किती आणि तुम्हाला पाण्यात उतरायचंय की नुसतं बसायचंय यावर ठरतं. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये एवढं मात्र कुणालाही बजावून सांगेन. आईंना वाळूत चालवत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग संध्याकाळी मिरामारला गाडी उभी करून तासभर बसा, त्यांना सूर्यास्तही दिसेल आणि पायही दुखणार नाहीत. दोना पावला मी मुद्दामच गाळलंय. तिथल्या प्रेमकथेवर माझा विश्वास नाही आणि तिथल्या टोप्या-गॉगलच्या दुकानांवर माझा जीव नाही.

आता तुमचा दुसरा आक्षेप. देवळं आणि चर्चं एका यादीत नकोत, असं तुम्ही म्हणता. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे: ती एकाच दिवशी, एकामागून एक पाहिली नाहीत तर दोन्ही अर्धीच कळतात. गोव्यातली जुनी वास्तू आज जिथे उभी आहे तिथेच का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा ती नदीच्या कुठल्या काठाला होती यात सापडतं.

नकाशा काढून बघा. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मधे तिसवाडी बेट आहे, आणि या दोन नद्यांना आतल्या बाजूने कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा घेतला, म्हणजे हे बेट घेतलं. तो दिवस सेंट कॅथरिनचा, म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. १५४३ मध्ये उत्तरेचा बार्देश आणि दक्षिणेची साष्टी पोर्तुगिजांच्या हाती गेली. कालव्याच्या पलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, मात्र आदिलशहाकडे राहिला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि पाणी ओलांडून पलीकडे नेले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं. त्याच वर्षी कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा, मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. तुमची शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. आणि ज्या कोलव्याच्या किनाऱ्याबद्दल मी लिहिलं नाही म्हणून तुम्ही रागावलात, त्याच कोलव्याची महालक्ष्मी आज बांदोड्यात आहे. नागेशी तेवढा मूळचा तिथलाच. त्याच्या आवारात १४१३ सालचा शिलालेख आहे. फोंड्याच्या आसपास एवढी मोठी देवळं दाटीवाटीने का, असा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्याला पडतोच. ती सगळी निर्वासित देवांची वस्ती आहे. त्यांना आसरा मिळाला तो विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला १६७५ मध्ये घेतला. पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत त्यांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने कवळ्याचं आजचं देऊळ १७३८ च्या सुमारास उभं राहिलं. १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच वर्षी, पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला दिलं. पोर्तुगिजांना फोंडा मिळाला तो थेट १७६३ मध्ये, आणि तोवर त्यांची देवळं पाडण्याची धमक आणि इच्छा दोन्ही ओसरली होती. जुन्या काबिजादी (आधी जिंकलेला मुलूख) आणि नव्या काबिजादी (नंतर मिळालेला) असा फरक गोंयकार आजही करतात तो यामुळे.

देवळांच्या वयाचा मुद्दा मी लेखात मांडला होता, त्यावर तुम्ही 'ही देवळं प्राचीन नाहीत म्हणता, हा अपमान आहे' असं लिहिलंय. काका, देव प्राचीन आहे, इमारत अठराव्या शतकातली आहे. यात अपमान कसला? उलट यातच मौज आहे. मंगेशीला गेलात की दर्शन झाल्यावर पाच मिनिटं बाहेर थांबा आणि वर बघा. गाभाऱ्यावर आपल्याकडच्यासारखं निमुळतं शिखर नाही, अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घुमट आहे. खिडक्यांना अर्धगोल कमानी, गच्चीला नक्षीदार कठडा, आत काचेची झुंबरं. हे सगळं कुठून आलं ते पाहायचं असेल तर तासभर आधी जुन्या गोव्यात असायला हवं. बांधणाऱ्या गवंड्यांना एका काठाला जे काम येत होतं तेच त्यांनी दुसऱ्या काठाला केलं, त्याच्यापुढे आपला दीपस्तंभ आणि तुळशीवृंदावन उभं केलं. प्राचीन इमारतच हवी असेल तर तांबडी सुर्लाला जा. कदंबकालीन महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ आहे, छोटंसं, घाटाच्या पायथ्याशी रानात. ते वाचलं ते आडबाजूला होतं म्हणून.

आता जुना गोवा. इन्क्विझिशनबद्दल तुमचा संताप मला समजतो, तो खोटा नाही. १५६० ते १८१२, मधे चार वर्षांचा खंड सोडला तर अडीचशे वर्षं ते चाललं. पण त्याची कचेरी आणि तुरुंग होता तो आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, से कॅथेड्रलच्या चौकालगत, आणि त्याचा आज मागमूसही नाही. जी चर्चं उभी आहेत ती पाहायची नाहीत असं ठरवलं तर तो चौकही दिसणार नाही. मग इन्क्विझिशन नुसतं व्हॉट्सॲपवर वाचायचं का? आणि वसईच्या किल्ल्यात आपण मुंबईकर रविवारी डबे घेऊन जातो, तिथल्या पडक्या चर्चांच्या भिंतींना टेकून फोटो काढतो, तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही. छप्पर शाबूत असलेलं चर्च तेवढं खुपतं, हे मला पटत नाही.

शिवाय जुना गोवा हा विजयाचा देखावा नाहीच, निम्मा तो पडझडीचा आहे. साथींनी हे शहर रिकामं केलं. कारभार हळूहळू पणजीकडे सरकला आणि १८४३ मध्ये राजधानीही रीतसर तिकडे गेली. से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा एक उंच पडका मनोरा दिसतो. सरकारने १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत खाली आलं. त्याची घंटा आज पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चवर आहे, ज्या पायऱ्यांवर सगळी मुंबई उभी राहून फोटो काढते. मला विचाराल तर जुन्या गोव्यात एकच जागा बघायला वेळ असेल तर मी त्या मनोऱ्यापाशी जाईन, बॉम जीझसच्या चर्चला नाही.

पण बॉम जीझस टाळूही नका, आणि त्याचं कारण तुम्हाला आवडेल. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द अल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि मार खाऊन परतला. मग संभाजी महाराज पाठोपाठ आले, नोव्हेंबरात मराठ्यांनी मांडवीतलं जुवे बेट घेतलं. राजधानी तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा हा व्हाइसरॉय बॉम जीझसमध्ये गेला, तिथली सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्या मृत संताच्या हाती देऊन 'आता तूच सांभाळ' म्हणाला. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरल्यामुळे संभाजीराजांना मागे फिरावं लागलं आणि श्रेय संताला मिळालं. मराठ्यांची दहशत काय होती, याची एवढी बोलकी जागा मला रायगडावरसुद्धा दुसरी माहीत नाही. तीच शवपेटी ज्या चांदीच्या पेटीत ठेवली आहे ती पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीहून, टस्कनीच्या ग्रँड ड्यूककडून आला. गर्दी चौथऱ्याचे फोटो काढते. तुम्ही वरचं चांदीचं काम बघा.

देवस्थानांना पर्यटनस्थळं केलं, या तक्रारीत एक गोष्ट मला मान्य आहे: मंगेशीला हाफ पँटवर येऊन सेल्फी काढणारे मलाही खटकतात. पण देवळात कसं जावं हे लेखात स्पष्ट लिहिलंय आणि चर्चबद्दलही तेच लिहिलंय. तुमच्यासारख्या कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचं कुलदैवत तिथलं आहे त्यांना, अग्रशाळेत (देवळाच्या भक्तनिवासात) उतरता येतं, अभिषेक करता येतो, पुरोहित घराण्यांशी पिढ्यांची ओळख असते. ज्याचं कुलदैवत तिथे नाही त्याने तिथे जाऊच नये का?

तिसरा आक्षेप उपयोगाचा. आईंसोबतचा एक पूर्ण दिवस असा आखा. मुंबईहून कोकण रेल्वेने जाताना मडगावपर्यंत कशाला जाता? तुमची गाडी करमळीला थांबत असेल तर तिथेच उतरा, जुना गोवा तिथून गाडीने काही मिनिटांवर आहे. सकाळी लवकर आधी बॉम जीझस. मग रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. या दोन्हीला चढ नाही. ऑगस्टीनच्या टेकडीपर्यंत गाडी जाते, पण आत जमीन उंचसखल आहे. आईंना गाडीत बसू द्या आणि तुम्ही पंधरा मिनिटांत पाहून या. ऊन चढायच्या आत फोंड्याच्या रस्त्याला लागा. वाटेत बाणस्तारीचा पूल लागतो, त्याखाली कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीज आणि आदिलशाही मुलखांमधली जुनी हद्द ती हीच. (कालव्यात मगरी आहेत. मुलं सोबत असतील तर हे त्यांना आधी सांगू नका, पुलावर सांगा.) पूल संपला की थोड्याच वेळात मंगेशी, पुढे म्हार्दोळ, मग फोंड्याच्या पुढे कवळे. दुपारी देऊळ बंद होण्याच्या वेळा देवस्थानाला फोन करून विचारून घ्या. उत्सवात आणि पालखीच्या दिवशी त्या बदलतात.

दुसऱ्या दिवशी आईंना विश्रांती देऊन तुम्ही एकटे निघणार असाल तर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरा. सप्तकोटीश्वर हा कदंबांचा देव मूळचा दिवाडीचा. तोही असाच पाणी ओलांडून आला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचं देऊळ पुन्हा बांधवलं. तसा शिलालेख दारावर आहे, वाचता येतो. राज्य सरकारने अलीकडेच जीर्णोद्धार केला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. महाराजांचं नाव घेणाऱ्या आपल्यापैकी कितीजण कलंगुटला जाऊन आलेत आणि नार्व्याला गेलेलेच नाहीत, हा हिशोब तुम्हीच तुमच्या चाळीत करून बघा.

एक राहिलं. किल्ल्यांवर फार त्रोटक लिहिलं, असंही तुम्ही म्हटलंय. आग्वाद १६१२ चा. गोड्या पाण्याचं प्रचंड टाकं, मोठ्या बोटी तिथे पाणी भरून घ्यायच्या. त्याच्या खालच्या तुरुंगात गोवा मुक्तीचे सैनिक डांबले होते, तिथे आता संग्रहालय आहे. आईंना चढायला जमणार नसेल तर रेइश मागूश पुरतो, गाडी जवळपर्यंत जाते आणि आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे. शापोराला मात्र नेऊ नका, घसरडी वाट आहे आणि वर भिंतींखेरीज फारसं काही उरलेलं नाही.

परतीचं आरक्षण मडगावहून करा. करमळीहून चढायचं तर गाडी थांबते जेमतेम, आणि सामान, मुलं आणि आई एकदम डब्यात चढवणं तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही.