गनिमी कावा

मराठीत ‘कावा’ म्हणजे काय, हे शाळेपासून ठाऊक असूनही मी ‘कावा’ याच नावाच्या एका मुळीच्या नादी लागलो. पुढे जे झालं त्याचा दोष मुळीला देता येत नाही. तिने नाव लपवलं नव्हतं.

फिजीहून आलेल्या मित्राने या कावामुळीचं अर्ध्या किलोचं पुडकं हातात ठेवलं. तिकडे तिला यांगोना म्हणतात, गप्पांच्या ओघात नुसतं ग्रॉग. मिरीच्या आणि विड्याच्या पानाच्या कुळातलं एक झुडूप. त्याची मुळं वाळवून कुटलेली भुकटी. ती पाण्यात मळायची, गाळायची आणि गढूळ पाणी प्यायचं. चव पावसाळ्यातल्या कुंडीसारखी. पण दोन वाट्या पोटात गेल्या की आधी जिभेला मुंग्या येतात, मग जीभ बधिर होते, मग खांदे आपले आपण खाली उतरतात. दिवसभर डोक्यात ओरडणारे साहेब आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखे दिसू लागतात. डोकं मात्र जाग्यावर असतं.

सुख असं आणि त्यात मळणं आडवं आलं. कावातला गुण ज्या द्रव्यांत असतो ती कावालॅक्टोनं पाण्यात धड विरघळत नाहीत. भुकटी फडक्यात बांधून, कोमट पाण्यात बुडवून, ती पुरचुंडी दहा मिनिटं दाबत, पिळत, चुरगाळत बसावं लागतं, तेव्हा कुठे ती पाण्यात उतरतात. ऑफिसातून थकून आल्यावर, थकवा घालवण्यासाठी, आधी दहा मिनिटं राबायचं! मोजे धुतल्यासारखं दिसतं ते. मुलीने तर विचारलंच, “बाबा, कुणाचे?”

तसं पाहिलं तर मी सुखातच होतो. दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या निसर्गशास्त्रज्ञ गेऑर्ग फॉर्स्टरने (झाडाला ‘मादक मिरी’ अशा अर्थाचं शास्त्रीय नाव देणारा तोच) पॅसिफिकमधल्या बेटांवर पाहिलं ते असं, की लोक मुळी चावतात, चोथा भांड्यात थुंकतात आणि त्यावर पाणी घालून पितात. हा इतिहास मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर दोन दिवस मी स्वयंपाकघरातल्या कुठल्याही भांड्याला हात लावला की कुणीतरी हळूच येऊन पाहून जायचं.

मग एका रात्री मला सुचलं. एकदाच भरपूर मळावं, गाळावं, ते पाणी वाळवावं, उरेल त्याची पूड करावी. मग रोज चमचाभर पूड, पेलाभर पाणी, झालं. चोथ्याची कटकट एकदा, आराम महिनाभर. अशी इन्स्टंट पूड विकतही मिळते, पण विकत आणायला डोकं कुठे लागतं?

दोनशे ग्रॅम भुकटी, दोन लिटर पाणी. मळून मळून मनगटं भरून आली. आता एवढं पाणी उडवायचं कसं? मी पातेलं सरळ गॅसवर चढवलं. वाळलेल्या कावामुळीत जवळजवळ ४० टक्के स्टार्च असतो, ही माहिती मला नंतर मिळाली. गरम पाण्यात स्टार्चचं काय होतं ते मात्र लगेच मिळालं. दहा मिनिटांत पातेल्यात राखाडी खळ तयार झाली. पळी सोडली तर उभी राहत होती. निवडणुकीचा हंगाम असता तर भिंतभर पोस्टरं चिकटवून दिली असती.

उरलेल्या भुकटीतली आणखी दोनशे ग्रॅम काढली. या खेपेला शेजाऱ्यांकडून फळं वाळवायचं यंत्र मागून आणलं: चार ट्रे, आत पंखा, पन्नास अंशांवर ठेवता येणारं. मी पहिला ट्रे सरकवला आणि त्यात अर्धा लिटर कावा मोठ्या ऐटीत ओतला. फळांचे ट्रे जाळीचे असतात. का असतात हे मला त्या क्षणी, पायाच्या अंगठ्यापासून वरच्या दिशेने, समजत गेलं.

फरशी पुसली. जाळ्यांवर सिलिकॉनच्या चटया घातल्या, कडा दुमडल्या, उरलेला कावा जपून ओतला. जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर. तासाभराने पाहतो तर सगळा कावा एका कोपऱ्यात गोळा होऊन मीटिंग भरवून बसलेला. आमचा ओटा तिरका आहे, हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाणसळ शोधली. यंत्राच्या एका पायाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र, मग त्यावर पुठ्ठा, मग पुठ्ठा काढून मुलीची जुनी वही. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तेव्हा मला जो आनंद झाला तो कावा पिऊन कधी झाला नव्हता. मला वाटतं मी तिथेच थांबायला हवं होतं.

यंत्र रात्रभर घोंघावत राहिलं. घरभर ओल्या मातीचा आणि मिरीचा वास. मध्यरात्री बायको उठून आली. हातात मोबाइल.

“अहो, जर्मनीत २००२ साली याच्या औषधांवर बंदी आली होती. यकृताला बाधतं म्हणून.”

“२०१४ मध्ये कोर्टाने ती बंदी चुकीची ठरवली.”

“म्हणजे त्यांनी बारा वर्षं विचार केला. तुम्ही किती केलात?”

यावर उत्तर नव्हतं. यकृताची तक्रार असेल किंवा दारूचा पेला सोबतीला असेल तर कावाच्या वाटेला जाऊ नये, एवढं तरी मला माहीत होतं. माझं यकृत ठीक होतं. प्रश्न त्याच्या बराच वरच्या अवयवाचा होता.

सकाळपर्यंत द्रवाचा चिखल झाला, दुपारी चिखलाची साय, संध्याकाळी ती साय आटलेल्या तळ्यासारखी भेगाळली. वाळलं की नाही हे कळणार कसं? एक पापुद्रा उचलून जिभेवर ठेवला. कडेचा कोरडा, मधला ओलसर. तासाभराने आणखी एक. मग आणखी एक. एवढ्या आटवलेल्या मालाचे एवढे पापुद्रे चघळल्यावर जिभेचं काय होतं, याचा हिशेब मी केला नव्हता. आणि नेमका गावाहून मामांचा फोन आला.

“काय करतुयास?”

“कावा कलतोय, मामा.”

“कवा?”

“हो, कावा.”

“आरं पण कवा?”

“आत्ताच.”

“आत्ता काय?”

“कावा!”

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सूनबाईला फोन दे.” तिने फोन घेतला, माझ्याकडे बघत “नाही हो मामा, प्यायलेले नाहीत, अजून वाळतंय” असं काहीतरी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला असावा असं वाटत नाही.

आता पापुद्रे खरवडायचे. प्लास्टिकची उलथनी चटईवरून सरकवली की कड्कन आवाज होऊन पातळ, चकचकीत तुकडे उडत. ते छानच दिसत होतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात मधासारखे. मी तुकडे परातीत गोळा केले, घाम पुसला आणि सवयीने पंख्याचं बटण दाबलं.

जमिनीवरून जे परत मिळालं ते कॉफीच्या ग्राइंडरमध्ये घातलं. कावात राळेसारखा चिकट अंश असतो. पाती तापली तसा तो पात्यांना धरून बसला. पूड निघाली, पण रव्याएवढी जाड. झाकण उघडलं तेव्हा जी बारीक होती ती ढगासारखी नाकात गेली आणि आम्ही तिघं ओळीने शिंकलो. शेवटी तराजूवर बावन्न ग्रॅम भरली. दोनशे ग्रॅम भुकटी, शिवाय खळीत गेलेली दोनशे, दोन दिवस, विजेचं बिल आणि फरशी मिळून बावन्न ग्रॅम.

संध्याकाळी सगळे बसले. पेल्यात गार पाणी, त्यात एक चमचा पूड. फिजीत वाटी हातात घेण्याआधी एकदा टाळी वाजवतात, ‘बुला’ म्हणून एका दमात पितात आणि मग तीनदा टाळ्या वाजवतात. मी पहिली टाळी वाजवली. पूड पाण्यावर तरंगत होती. ढवळली. अर्धी तरंगत राहिली, अर्धी गाठी होऊन तळाशी गेली. जोरात ढवळलं, तर तरंगणारी आणि बुडालेली यांनी जागा बदलल्या. एक घोट घेतला. दातांत खडे यावेत तशी कचकच.

बायको काही बोलली नाही. उठली, आत गेली, ते जुनं फडकं घेऊन आली. पेल्यातलं सगळं त्यात ओतलं, वर गाठ मारली आणि खाली वाडगं ठेवून पुरचुंडी माझ्या हातात दिली.

“मळा,” ती म्हणाली.