दगडाला ऑइलपेंट? हात कसा धजावला?

काल दुपारपासून तो फोटो फिरतोय. नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, बंद झाल्यावर ओस पडलेलं एका लहान गावचं जुनं स्टेशन. काळ्या दगडाची घडीव भिंत, विटांच्या कमानी, वर मंगलोरी कौलं. आणि त्या अख्ख्या भिंतीवर चॉकलेटी ऑइलपेंट! ‘सुशोभीकरण’ म्हणे. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरल्या आणि त्या सिमेंटवर पांढऱ्या रंगाने रेघा ओढल्या, दगड उठून दिसावा म्हणून. खरा दगड झाकला आणि त्याच्यावरच दगडाचं चित्र काढलं. शिवाय बघणारे म्हणतात, छान झालंय, नवं वाटतंय. अरे, ते नवं वाटायला नकोच होतं!

रंग तरी कधीतरी उतरवता येईल. त्या सिमेंटचं काय करणार? काळा बेसाल्ट पाणी फारसं पीत नाही. पाऊस भिंतीत शिरतो तो दर्जांतून आणि ओल वाळते तीही दर्जांतूनच. म्हणून तर त्या चुन्यात भरलेल्या होत्या. ती वाट बुजवली की ओल आत वळते. आतला गिलावा फुगतो, लोणा लागतो, भिंतीत बसवलेली सागवानी तुळयांची टोकं कुजतात. टोक भिंतीच्या पोटात असल्याने काही दिसत नाही. दिसतं तेव्हा कौलांची ओळ खाली बसलेली असते. कमानीच्या विटांची गत याहून वाईट. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे दरज शाबूत राहते आणि वीटच झडते.

त्यात दर्जा उकरायला ग्राइंडर! फोटो मोठा करून बघा, दगडांच्या कडा कापल्या गेल्यात. पाथरवटाने छिन्नीने काढलेली ती कड आता पुन्हा येणार नाही.

हे काम काही अवघड नाही हो. दरज छिन्नी-हातोडीने तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल उकरायची, निदान २० ते २५ मिमी. धूळ काढून पाणी मारायचं. कळीचा चुना विझवून मुरवलेला हवा. एक भाग चुना, अडीच-तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू. खोल दरज एका दमात भरायची नाही, थराथराने भरायची. वर आठवडाभर तरी ओलं गोणपाट, कारण उन्हाने चटकन वाळला तर चुना भुसभुशीत होतो. आणि काम दसऱ्यानंतर काढायचं, भर पावसात चुना धरत नाही. पण इथे मार्चअखेर निधी संपवायचा असतो. मग चुना मुरायला वेळ कोण देणार?

त्याच फोटोत खाली पेव्हर ब्लॉक आहेत. पेव्हर ब्लॉक! मुंबईचे फुटपाथ पुरले नाहीत का? नॅरोगेजचा फलाट जवळजवळ रुळाच्या पातळीवर असायचा. इमारतीचं जोतं आणि पायऱ्या त्याच मापाने बांधलेल्या. भराव टाकून जोतं पुरलं की पावसाचं पाणी थेट भिंतीला लागतं. ओतीव लोखंडी खांबांची बैठकही गाडली जाते आणि खांब नेमका तिथेच गंजतो. फलाट उंच करताना हेच होतं, मुंबईतल्या जुन्या स्टेशनांवर खांबांचे पाय शोधून बघा.

आणि त्या रेल्वेला ‘मिनी ट्रेन’ म्हणणं बंद करा. माथेरानचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फुटी, बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी. बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली. एका आसावर ५ टनांहून जास्त भार येणार नाही असा हिशेब तिचा इंजिनीअर कॅल्थ्रॉपने मांडला होता, म्हणून हलक्या रुळांवर खरीखुरी मालवाहतूक झाली. खेळणं नव्हतं ते!

अशा स्टेशनांवर जुन्या रुळांचेच खांब उभे करायची पद्धत होती. रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. ते साल स्टेशनचं नव्हे, रुळाचं. तरी केवढा पुरावा तो! त्यावर रंगाचे थर चढवून अक्षरं बुजवतात आणि दारात नुसतं ‘ब्रिटिशकालीन’ लिहितात. कुठलं साल? कुठली कंपनी? मुंबईतलं कुलाब्याचं स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं, तिथे आज बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. चर्चगेटला रोज उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की गाडी एकेकाळी पुढे जायची? इमारत गेली की आठवणही जाते. इथे तर इमारत उभी आहे आणि आपणच तिला मारतोय.

जमत नाही असंही नाही. भायखळ्याचं दगडी स्टेशन गाड्या चालू असताना दुरुस्त झालं, २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला.

आता निदान एवढं करा. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, रंग काढायला जाऊ नका, दगडाचा पृष्ठभाग जाईल. रिमूव्हरचा लेप आधी ३० सेंमीच्या चौकोनावर लावून बघा, मग नायलॉनचा ब्रश आणि कमी दाबाचं पाणी. फोटोच्या कडेला मागची भिंत दिसतेय, ती अजून रंगवलेली नाही. तिला हात लावू नका. मूळ चुन्याचा नमुना आता फक्त तिच्याच दर्जांमध्ये उरलाय.