दुधाच्या दाढेवरील स्टीलच्या कॅपबाबत आपल्या तक्रारीस उत्तर

सादर नमस्कार.

साडेपाच वर्षांच्या मुलीच्या दाढेवर चांदीसारखी चकाकणारी कॅप बसवली, पांढरी कॅप मिळते हे सांगितलेच नाही आणि पुढे पडणाऱ्याच दाढेसाठी खर्च करायला लावला, असे आपण लिहिले आहे. यांपैकी न सांगितल्याची चूक आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मुलीच्या तपासणीचा तपशील येथे उघड करणे योग्य नसल्याने उरलेल्या मुद्द्यांवर सर्वसाधारण माहितीच देत आहोत.

दुधाची मागची दाढ साधारण १० ते १२ व्या वर्षी पडते. ती आधीच काढावी लागली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्यामागे येणारी कायमची दाढ पुढे सरकून दुधाच्या दाढेखालून उगवणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडवते.

स्टीलची कॅप पातळ असते आणि तिची कडा पक्कडीने आत वळवता येते, त्यामुळे दाढ फारशी न घासताही ती घट्ट बसते. पांढरी कॅप झिरकोनिया या चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची असते; ती तयार आकारातच येते, ती जराही वाकत नाही. म्हणून तिच्या मापाची होईपर्यंत दाढच चहूबाजूंनी घासावी लागते, आणि दुधाच्या दाढेत एनॅमल (दाताचे बाहेरचे कठीण आवरण) पातळ व नस जवळ असल्याने हे घासणे जपूनच करावे लागते. शिवाय बसवताना हिरडीतून रक्त आले तर कॅप चिकटवणाऱ्या सिमेंटची पकड कमी होते, आणि या वयाचे मूल खुर्चीत किती वेळ स्थिर बसेल हे पालकांना आम्ही सांगायला नको. स्टीलवर पांढरा थर दिलेली कॅपही मिळते, पण चावताना त्या थराचे टवके उडतात.

तरीही दिसण्याचा मुद्दा आम्ही क्षुल्लक मानत नाही. हसताना दिसणारी पुढची दाढ असेल, मूल शांत बसत असेल किंवा स्टीलमधील निकेल या धातूची ॲलर्जी असेल, तर झिरकोनिया योग्यच. ती बरीच महाग पडते, इतकेच.

नीट बसलेली कॅप केवळ रंगासाठी काढू नये, असे आमचे मत आहे. तरी आपण मुलीला घेऊन यावे. तपासणीचे शुल्क घेणार नाही. तोपर्यंत चिकट पदार्थ टाळावेत. (उत्तरायणातील चिक्कीने सुटलेल्या कॅपा दर जानेवारीत आमच्याकडे येतात.) कॅप निघालीच, तर फेकून न देता सोबत आणावी.

संचालक, बालदंत चिकित्सालय, वडोदरा